मेथेनॉलच्या कपाटाची किल्ली

पोंभुर्ण्याची रंजीता आणि तिचे मार्गदर्शक वासेकर सर, या दोघांमधून विस्तव जात नव्हता. चंद्रपूरच्या त्यांच्या कॉलेजात मेथेनॉलच्या बाटल्या कपाटात बंद आणि किल्ली सरांच्या खिशात. हवी त्यानं साऱ्यांदेखत मागायची आणि वर ऐकून घ्यायचं, "कालच देल्लं होतं ना? पिऊन राह्यली का?" असला माणूस मास्तरकीत आला कशाला, कोण जाणे.

रंजीतानं खस्ता खाऊन सल्फोनामाइड जातीचा एक नवा पदार्थ बनवला होता. जंतूंवर तो चालेल अशी आशा होती. पण त्याआधी मास स्पेक्ट्रोमीटरनं रेणूचं वजन करून, हा तोच पदार्थ, असा कौल द्यायला हवा. नाही दिला तर पदार्थ बाद, आणि तिची पीएचडीही बोंबलली.

नमुना मेथेनॉलमध्ये विरघळवून पाठवायचा असतो. रंजीता कपाटापर्यंत गेली आणि माघारी फिरली.

"त्या मानसापुढं कोन हात पसरते!" मैत्रिणीला, चंचलला, ती म्हणाली. भांडी विसळायचं अ‍ॅसिटोन बाहेरच ठेवलेलं असे. तेच तिनं कुपीत ओतलं.

रिपोर्ट आला. वजन चाळीसनं जास्त. सरांनी कागद साऱ्या लॅबपुढं नाचवला. "भलतंच काईतरी शिजवलं हिनं! फेकून दे ते!"

आकडा ऐकला आणि रंजीताला अ‍ॅसिटोनची ती कुपी आठवली. तिच्या पदार्थाच्या टोकाला अमाइन हा नायट्रोजनचा गट होता. अमाइनला अ‍ॅसिटोन चिकटून पाणी बाहेर पडलं की वजन नेमकं एवढंच वाढतं, हे ती बीएस्सीच्या पोरींना स्वतः शिकवायची. पदार्थ खरा होता, माती तिनंच खाल्ली होती. गप्प राहावं तर सगळं नालीत जाणार. बोलावं तर याच माणसापुढं नाक खाली करायचं. तिला त्याचा मनस्वी संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"पदार्थ बरोबर हाये, सर. मी अ‍ॅसिटोनमंदी विरघळवला. चुकी माही हाये."

"काऊन? मेथेनॉल नव्हतं?"

"होतं. तुमच्या खिशात."

सर लालबुंद झाले, "उद्धट" म्हणाले आणि किल्ली टेबलावर आपटली.

मेथेनॉलमधल्या नव्या नमुन्याचा रिपोर्ट चोख आला. सरांनी मुकाट सही केली, चांगला शब्द एकही काढला नाही. मग कपाटाला कुलूप लावून किल्ली पुन्हा खिशात टाकली.

तेव्हापासून रंजीता रोज सकाळी, काम असो नसो, साऱ्यांदेखत त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहते.

"सर, किल्ली."