कूलर बंद करून

“बाई मराठीच आहे, आणि ककडीवाला आपल्याकडचा,” माझ्या पाठीमागे कोणीतरी ठामपणे म्हणालं, आणि माझं पन्हं नाकात गेलं.

मी वळून पाहिलं नाही. मराठी बाई, गाडीवर लांबट काकड्या विकणारा इकडचा ककडीवाला आणि त्या दोघांच्या मधून टिंगटिंग वाजणारी एक धून, ही तिन्ही एकत्र सापडतील अशी माझ्या माहितीत एकच जागा होती, आणि ती जागा माझी होती. इंटरनेटवरच्या त्या जागेवर माझं नाव नव्हतं, चेहरा नव्हता, गाव नव्हतं. होता फक्त आमच्या खिडकीतल्या मनीप्लँटचा फोटो.

चैत्रातलं हळदीकुंकू चाललं होतं. झाशीतली आम्ही मराठी माणसं एरवी विखुरलेली असतो. कोणी बबीन्याला फौजेत, कोणी आमच्यासारखी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. पण गौर झोपाळ्यावर बसली की सगळ्या बायका सिविल लाइंसमधल्या काकूंकडे जमतात. काकूंचं घराणं जवळच्या गुरसरायचं. किती पिढ्यांपासून ते इकडे आहेत हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. डाळ कालवायच्या पसरट भांड्याला त्या तसराळं म्हणतात, दर वाक्याच्या शेवटी जी लावतात आणि दूधवाल्याशी बुंदेलीत भांडतात. हे सगळं एकाच श्वासात करताना मी त्यांना पाहिलं आहे.

मी आईबरोबर गेले होते, म्हणजे आईची पिशवी धरायला. शाळा इंग्रजी, शेजार हिंदी, त्यामुळे मराठी मला कळते पूर्ण आणि बोलता येते अर्धी. अशा ठिकाणी मी भिंतीला टेकून बसते, मान डोलावते आणि बघत राहते. बघण्यासारखं पुष्कळ असतं. त्या दिवशी मात्र बघण्यासारखी गोष्ट मीच होते, आणि हे फक्त मलाच माहीत होतं.

माझ्याकडे एक कलिंबा आहे. ओंजळीत मावणारी लाकडी पेटी, तिच्यावर धातूच्या लांबट पट्ट्या, त्या दोन्ही अंगठ्यांनी छेडायच्या. आवाज इतका नाजूक की पलीकडच्या खोलीतही जात नाही. मी तो घेतला त्याचं अर्धं कारण हेच. आई त्याला शोपीस समजते आणि धूळ पुसताना त्याच्यावरूनही फडकं फिरवते. तेव्हा तो थोडा वाजतो. ती म्हणते, “खेळण्यातलं आहे वाटतं.”

लपवायचं कशाला, असं ज्याला वाटेल त्याचं लहानपण मराठी मंडळात गेलेलं नसणार. मुलीला काही येतं असं एकदा कळलं की ते तिचं उरत नाही. लहानपणी मी एक श्लोक पाठ केला होता. तो मी प्रत्येक गणपतीत, प्रत्येक पाहुण्यापुढे आणि एकदा तर प्लॅटफॉर्मवर, गाडीची वाट बघणाऱ्या एका अनोळखी कुटुंबापुढे म्हणून दाखवला. माझा ‘ळ’ ऐकून सगळे हसायचे. प्रेमानेच हसायचे, पण हसायचे. तेव्हापासून मला जे येतं ते मी कोणाला सांगत नाही.

मग सगळ्या जगाला ऐकू जाईल असं का टाकलं? मलाही हे विचित्र वाटतं. पण एकटीने वाजवून वाजवून एक दिवस शंका यायला लागते, की हे आपण खरंच वाजवतोय की नुसतं मनातल्या मनात. कोणीतरी ऐकायला हवं असतं, फक्त ओळखीचं कोणी नको असतं. अनोळखी माणूस छान म्हणतो आणि निघून जातो. आता काकांना वाजवून दाखव, असं तो म्हणत नाही. कुठल्याशा देशातल्या एका बाईने, मला वाचताही न येणाऱ्या लिपीत काहीतरी लिहून, पुढे एक फूल ठेवलं होतं. त्या फुलावर मी कितीतरी दिवस तरंगत होते. ऑफिसच्या कॉलवर बॉस रागावत होता तेव्हासुद्धा.

रेकॉर्डिंगला अडचण एकच, कूलरची. झाशीच्या उन्हाळ्यात कूलर हा घरातला सगळ्यात मोठ्याने बोलणारा माणूस असतो. त्याच्यापुढे कलिंब्याचं काय चालणार? मी नोकरी घरूनच करते, म्हणून मीटिंग आहे असं सांगायचं, दार लावायचं, कूलर बंद करायचा आणि घाम डोळ्यांत उतरायच्या आत वाजवून मोकळं व्हायचं. तुमचे सगळे तुकडे इतके छोटे का, असं एकाने विचारलं होतं. उकडतं म्हणून, असं कसं सांगणार?

आईचं असं आहे, की कूलरच्या वरताण बोलून बोलून तिची पट्टी चढलेली असते, आणि कूलर बंद झाला तरी ती तिथेच राहते. तिला वाटतं आपण कुजबुजतोय. आता ज्याची चर्चा चालली होती त्या तुकड्याच्या वेळी माझा शेवटचा सूर विरत होता. खाली मोठ गावच्या मंडईतून ककडी आणणारा गाडीवाला “मोठ की ककड़ी” करत चालला होता. कुकरने एक लांब शिट्टी दिली. आणि अगदी समेवर, दाराबाहेरून आई कडाडली, “अगं, शिट्ट्या किती झाल्या? मी मोजायची विसरले.”

मी तेवढं कापून टाकायला बसले होते. पण ऐकताना इतकं हसू आलं की पुन्हा ऐकलं, आणि मग लक्षात आलं की आईची हाक खरोखर तालात पडली होती. शोधूनही मला असा शेवट सापडला नसता. तसाच ठेवला. ऐकणारे सगळे दूरदेशीचे, त्यांना कुकरवरून काय ओळख पटणार होती?

पण कोण कुठे राहतं ते फोनला बरोबर कळतं. बबीन्याच्या एक वहिनी आहेत, नवरा फौजेत, नुकतीच बदली होऊन आलेल्या. कैरीच्या डाळीची कृती शोधता शोधता त्यांना माझा तुकडा सापडला. एवढ्या लांब मराठी आवाज ऐकून त्यांना भरून आलं, आणि भरून आल्यावर हल्ली सगळे जे करतात तेच त्यांनी केलं. मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिला. ग्रुपवर आईही आहे, पण ती सकाळच्या फुलांना नमस्कार पाठवते आणि बाकीचं उघडत नाही.

तर आता काकूंच्या दिवाणखान्यात तपास चालला होता. एकीला आवाज नागपूरकडचा वाटत होता. दुसरी म्हणाली, छे, एवढा अधिकार साताऱ्याच्या बाईच्याच आवाजात असतो. काकूंनी ककडीवाल्यावरून टाउनशिप नक्की केली, कारण तो गाडीवाला फक्त तिकडेच फिरतो म्हणे. कुकर जुना असणार, शिट्टीचा आवाज फाटका आहे, असाही एक मुद्दा निघाला. माझी आई साताऱ्याची आहे. आमचा कुकर तिच्या लग्नातला आहे. मी डाळीच्या वाटीत जवळजवळ तोंड लपवलं होतं. हसू आणि भीती एकदमच आली होती.

आणि आई माझ्या शेजारी बसून, पदरात ओटीचे हरभरे घेत, मोठ्या उत्साहाने या तपासात भाग घेत होती. टाउनशिपमध्ये मराठी घरं ती कितीशी, मी दोन दिवसांत शोधून काढते, असं तिने सगळ्यांना वचन दिलं.

मग काकूंनी पुढचा बेत सांगितला. मुलगी सापडली की तिला गणपतीत स्टेजवर बसवायची. नऊवारी नेसवून. दोन्ही बाजूंना समया, निवेदन बबीन्याच्या वहिनी करतील. एवढं वाजवते तर दोन अभंगही म्हणेल, असं कोणीतरी सुचवलं, आणि तेही मंजूर झालं. मला एकदम तो प्लॅटफॉर्म आठवला.

मी ओढणीखाली फोन काढला. खातं कायमचं काढून टाकायची सोय असते. फक्त एकदा विचारतात, नक्की का? आईने ऐकायच्या आत हे व्हायला हवं होतं, कारण स्वतःचा आवाज तर ती ओळखणारच. मनीप्लँट, ते फूल, उन्हाळाभर घाम गाळून वाजवलेलं सगळं त्या एका प्रश्नाच्या पलीकडे होतं. मी अंगठा त्या प्रश्नावर नेला, आणि लाज वाटते सांगायला, पण हसू अजूनही येतच होतं.

“अहो, तुम्ही ऐकलंच नाही का जी?” काकू आईला म्हणाल्या. “मग शोधणार कशा?”

वहिनींनी आपला फोन टीव्हीजवळच्या स्पीकरला जोडला. नीट ऐकू यावं म्हणून काकू उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला. माझ्या वाजवण्यासाठी दुसऱ्या कोणी कूलर बंद करायची ही पहिलीच वेळ होती. इतक्या बायका, इतक्या जरीच्या साड्या, बाहेर रणरणतं ऊन, आणि एकीनेही तक्रार केली नाही. पदराने वारा घेत सगळ्या स्पीकरकडे वळल्या. मी अंगठा तसाच अधांतरी धरून बसले.

माझी धून त्या खोलीत वाजायला लागली. इतक्या मोठ्याने मी ती कधी ऐकली नव्हती. पट्टीवरून अंगठा सुटतानाची खर्रही ऐकू येत होती. मी आईकडे बघत होते. तिने वारा घ्यायचं थांबवलं. पोळ्या लाटताना जशी तिची मान तिच्याही नकळत हलते, तशी हलायला लागली. ककडीवाला आला तेव्हा सगळ्या हसल्या. मग शिट्टी झाली. मग स्पीकरमधून आई कडाडली, आणि मी डोळे गच्च मिटून घेतले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर आई कपाळाला आठ्या घालून स्पीकरकडे बघत होती.

“काय बाई तरी ही,” ती म्हणाली. “एवढं गोड वाजवतेय पोरगी, आणि हिला कुकर पडलाय. आणि केवढ्यांदा ओरडते.”

मला असा ठसका लागला की दोघीतिघी पाण्याचं फुलपात्र घेऊन धावल्या. आईने माझ्या पाठीवर थोपटत थोपटत वहिनींना पुन्हा लावायला सांगितलं, आणि जमलं तर त्या बाईशिवाय लावा म्हणाली. बाईशिवाय लावता येईना. दुसऱ्यांदा तिने तेच सगळं ऐकलं, या वेळी मान न हलवता, अगदी लक्ष देऊन. ककडीवाल्याला हसलीसुद्धा नाही.

“माझी मुलगी असं वाजवत असती ना,” ती हळू म्हणाली, म्हणजे तिच्या मानाने हळू, “तर मी गॅस बंद करून दाराबाहेर बसून ऐकलं असतं. तिला कळूसुद्धा दिलं नसतं.”

फोनवर तो प्रश्न अजून तसाच होता. मी ‘नाही’ दाबलं. कान गरम झाले होते, हातातली वाटी कलली होती, आणि उठून खोलीभर नाचावं असं काहीतरी मला होत होतं, मी कधीही नाचत नाही तरी.

काकूंचा हात कूलरच्या बटणाकडे गेला. तो सुरू झाला असता तर मला ओरडावं लागलं असतं, आणि तेवढं मला जमलं नसतं. म्हणून त्याच्या आत, भिंतीपासून पाठ सोडवून, माझ्या त्या अर्ध्या मराठीत मी म्हणाले,

“आई, वाजवणारी मी आहे. आणि ओरडणारी तू.”