गालाला कळतं

नसीमखालांचा फोन आला आणि खाला काहीच बोलल्या नाहीत, तेव्हाच मला कळलं. एरवी ही बाई फोन लागायच्या आधीच बोलायला लागलेली असते. त्या सकाळी त्यांना आईजवळ बसवून मी दवाखान्यातून आंघोळीपुरती घरी आले होते. केस ओले, हातात कंगवा, आणि फोनमध्ये नुसता श्वास... मी म्हणाले, "खाला, बोला ना." तर त्या म्हणाल्या, "तू आजा बेटा. रिक्षासे आ, गाडी नक्को चला." एवढंच. वर्षभर मी ज्या फोनला घाबरत होते तो हाच होता. मी फोन ठेवला आणि वेड्यासारखी केस विंचरत बसले, कारण विस्कटलेल्या केसांनी समोर गेलेलं आईला चालायचं नाही.

आई म्हणजे आमच्या गल्लीतल्या ब्लाऊजवाल्या कमलबाई. कन्नडजवळच्या खेड्यातून लग्न होऊन ती या शहरात आली. मी शाळेत असतानाच वडील गेले, आणि त्यानंतर तिने पायमशीनवर घर चालवलं, मला शिकवून शिक्षिका केलं, माझं लग्न लावलं. बाईच्या चालण्यावरून तिच्या ब्लाऊजचं माप सांगायची. जावयाच्या सदऱ्याची कॉलर मात्र तिला कधी साधली नाही आणि ते तिला सांगायची जावयाची छाती झाली नाही. भिंतीपलीकडे राहणाऱ्या नसीमखाला मूळच्या सिल्लोडच्या. आईने शिवलेल्या ब्लाऊजना हूक आणि हातशिलाई त्या करायच्या. दोघींची भांडणं ऐकून नव्या भाडेकरूंना वाटायचं, आज पोलीस येणार. दुपारी मात्र चहा एकाच पातेल्यात व्हायचा.

लहानपणी आई माझ्याशी एक खेळ खेळायची. डोळे मिटायला लावायची, हातात कापडाचा तुकडा द्यायची आणि विचारायची, सांग काय आहे? रुबिया, पॉपलिन, केंब्रिक... मी कायम हरायचे. एक जाडंभरडं मांजरपाट तेवढं मला ओळखू यायचं. "ते तर गाढवाला बी कळतं," असं म्हणून ती माझा तो आनंदही घालवायची. स्वतः मात्र ती चिमटीत धरायचा अवकाश, की कापडाचं नाव सांगून मोकळी. दुकानदार तिच्या हातात कापड द्यायला कचरायचे.

पोटाची तक्रार तिने बरेच महिने मूळव्याधीच्या नावावर खपवली. इसबगोल घेतलं, ताक प्यायली, आणि मला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा आतड्यातली गाठ काढण्याचं ऑपरेशन करावं लागलं, आणि ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं की कॅन्सर आतड्यात राहिलेला नाही, यकृतापर्यंत गेलाय. किमोथेरपी द्यायची, आटोक्यात ठेवायचं, जितकं ठेवता येईल तितकं. मी मान हलवत होते. मी मुळातलीच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, शाळेत तपासणी असली की आदल्या दिवसापासून माझं पोट बिघडतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई मला चिडवायची आणि वर सांगायची, "ब्रह्मराक्षस काय नसतो, भित्राच खरा असतो." तिने मात्र पोटावरची पट्टी निघाल्यावर वाकून टाके बघितले आणि डॉक्टरांना म्हणाली, "शिलाई चांगलीय साहेब, पण कडेला चुणी आलीय." डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही.

दर पंधरा दिवसांनी आम्ही जायचो. गळ्याखाली कातडीच्या आत बसवलेल्या पोर्टमधून औषध जायचं, आणि उरलेलं औषध एका छोट्या बाटलीत भरून तिच्याबरोबर घरी द्यायचे. दोन दिवस ती बाटली नळीतून थेंब थेंब रिकामी व्हायची. बाटली ठेवायला दवाखान्याने दिलेली काळी पिशवी आईने पहिल्याच दिवशी नापास केली आणि ब्लाऊजपीसातून नवी शिवली. पुढे प्रत्येक साडीला जुळणारी पिशवी झाली. शेजारच्या बाया कौतुक करायच्या आणि मी त्या नळीकडे बघत बसायचे. नळी निघाली तर? दरवाज्याच्या कडीत अडकली तर? ताप आला तर ताबडतोब या, असं नर्सने बजावलेलं, म्हणून मी येताजाता तिच्या कपाळाला हात लावायचे. शेवटी ती म्हणाली, "कपाळ झिजंल गं माझं!"

त्या औषधांपैकी एक जोरकस होतं. ते नसांवर जायचं. थंड काही शिवलं की बोटांत करंट लागल्यासारखं व्हायचं. आईने कात्रीच्या मुठींना फ्लॅनेल गुंडाळलं, फ्रिज उघडायचं काम माझ्याकडे दिलं. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "मावशी, मुंग्या येतात का? बटण लावता येतं ना?" आई म्हणायची, "अहो, पोट बोटांवर हाय माझं. बटणाचं काय विचारता!" बोटं बधिर होत गेली तर ते औषध कमी करावं लागेल, कधी कधी बधिरपणा कायमचा राहतो, असं त्यांनी समजावलं होतं. तेव्हा मला धास्ती बसली. मी तिच्याकडेच राहायला आले होते. रोज सकाळी चहा झाला की मी तिचाच खेळ तिच्यावर उलटवायचे. डोळे मीट, सांग काय आहे? ती हसत डोळे मिटायची, तुकडा आधी गालाला लावायची, "थांब, ऊब बघू दे," म्हणायची आणि बिनचूक सांगायची. रुबिया. केंब्रिक. पॉपलिन. प्रत्येक उत्तराला माझा जीव भांड्यात पडायचा. सबंध दिवस मला तेवढ्यावर काढता यायचा.

मार्च लागला की आमच्या घरात पांढऱ्या कापडाचे ढीग पडतात. चौदा एप्रिलच्या जयंतीला गल्लीतल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसतात आणि त्यांचे ब्लाऊज आईच शिवायची. यंदा नको, असं मी शंभरदा सांगून पाहिलं. ऐकेल ती आई कसली! त्या दुपारी मी जिन्यावर वह्या तपासत होते, आत मशीनचा आवाज चालू होता. एकदम खाला ओरडल्या, "कमल! उंगली देख तेरी, सुई गई अंदर! हाल नक्को, हाल नक्को!" मी धावत आत गेले. सुई आईच्या तर्जनीच्या नखाशेजारून आरपार गेली होती, दोरा बोटातून पलीकडे निघाला होता, आणि आईचे पाय अजून मशीनचं पायडल दाबत होते. तिला काही झालंच नव्हतं. ती कापडाकडे बघत होती. पांढऱ्या कापडावर लाल डाग मोठा होत चालला होता आणि आई म्हणत होती, "अगं बाई, सुमनचा ब्लाऊज नासला की..."

खालांनी चाक हाताने मागे फिरवून सुई काढली, बोटाला पट्टी बांधली. मी दारातच बसले होते. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. गाल! ती दर सकाळी कापड गालाला लावत होती. बोटांना कधीपासून काही कळतच नव्हतं, गालच ओळखत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डॉक्टरला बोलायचं नाय." तिने माझं मनगट पकडलं. इतकं जोरात, की किती जोरात ते तिला कळत नसणार. "औषध बंद करतेल ते. हात गेले तर जाऊ दे. बधिर झाले म्हंजी औषध लागू पडतंय ना?"

"तसं नसतं, आई."

"तुला काय ठावं! मला मरायचं नाय गं... मला लई भ्या वाटतं."

जन्मात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला. टाक्यांत चुणी काढणारी, साडीला जुळणाऱ्या पिशव्या शिवणारी ही बाई आतून माझ्याइतकीच, माझ्यापेक्षाही जास्त घाबरलेली होती. घरात भित्रं कुणीतरी एकच असावं असा आमचा अलिखित करार होता आणि ते काम माझ्याकडे होतं. आता मी कुणाच्या आधाराने घाबरायचं? खालांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आई बघत नव्हती तेव्हा हळूच म्हणाल्या, "बोल डाल डॉक्टरकू. कल सुई आँख में गई तो?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, आईने नेहमीचं उत्तर दिलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. माझा आवाज इतका चिरका निघाला की बाहेरच्या बाकावरच्या बाईने आत डोकावलं. डॉक्टरांनी तिचे हात हातात घेतले, टाचणीच्या टोकाने बोटं तपासली आणि तेवढं एक औषध थांबवलं. बाकीची चालू राहतील, उपचार थांबलेला नाही, असं त्यांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती छताकडे बघत होती. परत येताना रिक्षा क्रांती चौकात अडकली. बाजूला जयंतीचे निळे झेंडे लागत होते, आणि आई माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. ताट वाढलं की जेवायची, औषध दिलं की घ्यायची. काही हवं असलं तर भिंतीपलीकडे हाक मारून खालांना सांगायची. मला रागाचं दुःख नव्हतं. मला भीती ही होती की आता तिला काही झालं, तर ते माझ्या तोंडामुळे झालेलं असेल.

ब्लाऊज मात्र पुरे झाले. आईने खुर्चीत बसून सांगायचं आणि खालांनी मशीन चालवायचं. दोघींनी भांडून घर डोक्यावर घेतलं. चौदा एप्रिलच्या सकाळी मी चहा ठेवत होते. आतून हाक आली, "ए... हूक लाव." तिला पांढऱ्या ब्लाऊजचे हूक लागत नव्हते. मी पुढे बसून एकेक लावला. शेवटचा लावताना ती माझ्या डोक्यावरून म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस म्हणत नाय मी. पण तुझ्या जागी मी असते तर मीबी बोलले असते." गर्दीत जायची तिला मनाई होती, म्हणून ती पांढरी साडी नेसून ओट्यावर बसली. भडकल गेटच्या पुतळ्याकडे निघालेल्या बायका एकेक करून तिच्यापुढे उभ्या राहिल्या, जय भीम म्हणाल्या आणि पाठ दाखवून फिरल्या. ती बाही ओढून बघायची, "हिथं ओढ बसलीय, खालाचं काम हाय," म्हणायची. आत खाला तिला उद्धारत होत्या.

पावसाळ्यात स्कॅन झाला. यकृतातलं वाढलं होतं. मी डॉक्टरांना एकटी भेटले आणि तेच विचारलं. ते म्हणाले, ते औषध थांबवल्यामुळे हे घडलेलं नाही, ते चालू असतं तरी हात गेले असते आणि हेही झालं असतं. मी विश्वास ठेवला. दिवसा ठेवते. कधी कधी रात्री मध्येच तो विश्वास सुटतो, आजही.

जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात ती बराच वेळ जागी होती. मी तिचा हात धरला होता, पण तिला ते बघूनच कळत असणार. तिने हात सोडवून घेतला. मला वाटलं, तिला नको असेल. तर तिने दोन्ही हातांनी माझा तळहात उचलला, स्वतःच्या गालावर ठेवला आणि डोळे मिटले.

"काय करतेस आई?"

"गप. गालाला कळतं." मग जरा वेळाने, ओठांच्या कोपऱ्यात हसत, "मांजरपाट..."

ती गेल्यावर तिच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मशीन खालांकडे गेलं, ते तिथेच शोभतं. आईच्या घरी गेले की भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतो, तेव्हा अजूनही मी दचकते. आईचं चिंध्यांचं गाठोडं मी माझ्या घरी आणलं. त्यात एक पांढरा तुकडा आहे, त्यावर फिकट तपकिरी डाग. सुमनच्या ब्लाऊजचा तेवढा भाग कापून तिने बदलला होता आणि तुकडा टाकला नव्हता. मी सकाळी चहा झाला की डोळे मिटून बसते, गाठोड्यात हात घालते आणि हाताला येईल तो तुकडा गालाला लावते. रुबिया. केंब्रिक. पॉपलिन. आता ओळखू येतात. मांजरपाट मात्र त्या गाठोड्यात नाही, मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. मग मी माझाच तळहात गालावर ठेवते आणि थोडा वेळ तशीच बसून राहते.