पाण्याची सुई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मंगरूळपीरच्या ज्या दवाखान्यात मी कंपाउंडर आहे, तिथे रोग सापडला नाही की डॉक्टर मला डोळ्याने खुणावतात आणि मी निव्वळ पाण्याची सुई टोचतो.

बांगड्या भरणारी एक बाई दर बाजाराच्या दिवशी येते, बाकडं सोडून डॉक्टरांच्या दारातच बसते.

"हाताची आग होते."

"मनाचा खेळ आहे."

"मन राहू द्या साहेब, हात पाहा."

परवा मी सुई भरली, तर तिने बाही खाली ओढली. "भाऊ, पाण्यानं आग इझली असती त विहिरीतच नसती उतरली काय मी? पुढच्या बाजारी येतो. हात पाहीपर्यंत येतच राहीन."

गिऱ्हाइकाला भरताना तिच्या बोटांतून बांगड्या निसटून फुटतात, हे मी बाजारात पाहिलंय. डॉक्टरांना ते सांगायचं अजून माझ्याकडून बाकी आहे.