गिरजाकाकूंची धूळपाटी

मायबापहो, अक्षर म्हणजे देवाचे पाऊल. ते धुळीत उमटले तरी आधी डोळे भरून पाहावे. असे एक पाऊल आमच्या गिरजाकाकूंकडून न पाहता पुसले गेले, त्याची ही गोष्ट.

शेणव्याजवळच्या आमच्या गावी काकू देवळाच्या गुरवीण. नवरा गेल्यावर देवाची दिवाबत्ती त्याच करीत आणि शाळा सुटली की मंडपात पोरांना लिहायला शिकवीत. रीत जुनी. फळीवर चाळलेली राख पसरायची, की झाली धूळपाटी; तीत बोटाने लिहायचे. आधी ऐकायचे, मग घोकायचे, मग काकूंचा कित्ता गिरवायचा. वळण बसले, तरच मनातले एक वाक्य लिहायचे. त्या दिवशी पोराला गूळखोबरे. "उसने वाक्य पेलले, तर आपले पेलते," असे त्या म्हणत. त्या प्रेमळ होत्या; रीतीपुढे मात्र कठोर.

मंगळी कातकरी वाडीवरची. भातकापणी संपली, की आईबापांमागे वीटभट्टीवर जाणारी. त्या वर्षी कित्ता होता: "देवाचे दार उघडे आहे. आत यावे, मागच्यास जागा द्यावी."

"काकू, आज माझं लिवू?"

"कित्ता बसला का?"

"नाय. पण उद्या टेम्पो येल, आमी भट्टीवर जानार."

"आल्यावर लिही गो. वळण कच्चं आहे."

शेजारचा नवशा खिदळला, "काकू, हिची ओळ बघा, खेकडा चालला बिळात!"

"तुझ्याच नाकातनं निघाला तो," मंगळी म्हणाली. सगळा मंडप हसला, काकूही हसल्या आणि दिवा लावायला गाभाऱ्यात गेल्या.

तेवढ्यात मंगळीने राख सारखी केली आणि घाईघाईने एक ओळ लिहिली. काकू परतल्या. कित्ता नाही एवढेच त्यांनी पाहिले; तळहात फिरवला आणि राख सपाट केली.

"रीत मोडायची नाही, बाळा."

मंगळी त्या सपाट राखेकडे बघत राहिली. मग उठली आणि गेली.

होळीनंतर वाडी परतली. मंगळीही आली, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. माती मळण्याच्या यंत्राने बोटे नेली होती.

काकूंनी तिला जवळ घेतले. त्यांनी पाटी पुढ्यात ओढली.

"सांग गो. तू बोल, मी लिहिते. कित्ता नाही, काही नाही. तुझं वाक्य."

मंगळीने डोळे मिटले. मग एकही अक्षर न अडखळता म्हणाली, "देवाचे दार उघडे आहे. आत यावे, मागच्यास जागा द्यावी."

"हे माझं झालं. तुझं सांग. त्या दिवशी लिहिलं होतंस ते."

"ते?" मंगळी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ते तुमी पुसलं ना, काकू. भट्टीवर लय आठवून बघितलं. आता नाय येत."

काकूंनी डाव्या हाताने लिहून बघ म्हटले. मंगळीने पाटी मागे सारली आणि पायरीवर जाऊन बसली.

आता त्या मंडपात नवे पोर आले, की पहिल्याच दिवशी मनातले लिहिते, वेडेवाकडे, खेकड्याच्या चालीने. काकू ते मोठ्याने वाचतात, मगच राख सारखी करतात. मंगळी पायरीवरून ऐकते. तिची पाटी कोपऱ्यात आहे. पाटीवर राख पसरलेली असते आणि त्या राखेत कोणी लिहीत नाही.