आमच्या किल्ल्यातला खलबतखाना

आमच्या किल्ल्यातला खलबतखाना मी शोधून काढला, असं गावात आजही सांगतात. तो मी शोधला नाही, बनवला. एवढं लिहून टाकतो.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी गावच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि खाडीच्या तोंडावरच्या त्या किल्ल्याने मला झपाटलं होतं. शाळा सुटली की मी तटावर! समुद्राकडच्या दरवाजाजवळ कमानीची एक दगडी खोली होती. बाहेर पाऊस कितीही कोसळो, आत ठणठणीत कोरडं. पावसाळ्यात तिथे रापण ठेवत. रापण म्हणजे वीस-पंचवीस जणांनी किनाऱ्यावरून ओढायचं अवाढव्य सुती जाळं, दहा-बारा घरांचं मिळून एक.

रापणीचे म्होरके, म्हातारे तांडेल, मला त्या खोलीची कुळकथा सांगत. "आधी हंय भात ठेयत. मगे दारू. तोफेची हां मास्तरानू, प्यायची न्हय! गोऱ्यांच्या वक्तार मीठ. आता आमचां जाळां."

मला भात-मीठ पुरेना. मला इतिहास हवा होता!

एका वैशाखात मुंबईहून पुरातत्त्व खात्याचे एक मोठे साहेब किल्ला पाहायला आले. मी पुढे, ते मागे. त्या खोलीत शिरलो, साहेबांनी माशांच्या वासाने नाकाला रुमाल लावला आणि मी बोलून गेलो, "साहेब, हा खलबतखाना! आरमाराच्या गुप्त मसलती इथे होत!"

साहेबांचा रुमाल खाली आला. त्यांनी दारात उभ्या असलेल्या तांडेलांना विचारलं, "खरं का हो?"

तांडेलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मास्तराला चारचौघांत खोटं पाडणं त्यांच्या रीतीत नव्हतं.

"मास्तर शिकलेले. तेंका ठाऊक आसतला."

वर्तमानपत्रात माझं नाव छापून आलं. मी हवेत तरंगत होतो. मृगापूर्वी खोलीवर पाटी आली, दाराला कुलूप. रापण झावळांच्या गळक्या खोपीत गेली.

नारळी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर लोटला. ढोल वाजले, नारळ समुद्रात गेला, रापण बाहेर आली. तांडेलांनी जाळं दोन्ही हातांनी ताणलं. ते ओल्या कागदासारखं फाटलं. ढोल थांबले.

"मास्तरानू," ते म्हणाले, "तुमच्या खलबतखान्यात खलबतां बरी चलतत मा?"

त्याच संध्याकाळी मी साहेबांना सगळं खरं लिहिलं. कुलूप काढा, म्हटलं. सही केली, पाकिटात घातलं, पण पेटीत टाकायला हात धजेना. छापून आलेलं नाव पुसलं जाईल, ही भीती.

पुढच्या आठवड्यात तांडेलांचे दोन्ही मुलगे गिरणीत काम शोधायला बोटीने मुंबईला निघाले. मी त्यांना पोचवायला बंदरावर गेलो, तेव्हा ते पाकीट माझ्या खिशातच होतं.