थोरलीच्या कडेची रेघ

घनसावंगीच्या ज्या स्टुडिओत मी फोटो जुळवायचं काम करते, त्याचे मालक मूळचे राजस्थानी. पण आजोबांच्या काळापासून घर इथलंच, त्यामुळे शेठ आमच्यासारखंच बोलतात. हे काम मला त्यांनीच शिकवलं. फोटोतलं माणूस मागच्या पडद्यापासून वेगळं करायचं तर संगणकावर त्याच्या कडेनं टिंबं देत बारीक रेघ ओढावी लागते. तिला आम्ही पाथ म्हणतो. हल्ली एका बटणावर माणूस सुटं होतं, पण केसांच्या बटा, पदराची किनार त्यात खाल्ली जाते. म्हणून शेठ अजून हातानंच पाथ काढतात आणि नाव देऊन फाईलमध्ये ठेवतात.

मागच्या उन्हाळ्यात कुंभार पिंपळगावकडचे नवराबायको आले. त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते. थोरली बाळंतपणात गेली, बाळही गेलं. धाकटीचं लग्न नुकतंच झालं होतं. दोघी बहिणी एका फोटोत करून द्या, असं वडील म्हणाले.

थोरलीचा पाथ शेठनी तिच्या अल्बमसाठी काढलेलाच होता. मी तिला तिच्या फाईलमधून उचलून धाकटीच्या फाईलमध्ये आणलं, थोडं लहान केलं, बहिणीच्या मागं उभं केलं. चित्र आलं, पाथ जुन्या फाईलमध्येच राहिला. तसंच होतं. पाथ फाईलचा असतो, माणसाबरोबर येत नाही. शेठनी तो वेगळा कॉपी करून आणायला लावला. मुलगी जेवढी लहान केली होती तेवढीच रेघही लहान करून तिच्या कडेवर बसवली, नाव दिलं, आणि मगच सगळे थर, म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं, एक करून फाईल जपून ठेवली. छपाईला त्याची गरज नव्हती. मी तसं म्हणालेही.

शेठ म्हणाले, "लेक गेली त्यांची. पुढं काय मागतील, सांगता येत न्हाई."

फोटो बघून आई पहिल्यांदा बोलली. थोरली एवढी गोरी नव्हती, म्हणाली. धाकटीवरच्या उजेडाशी जुळावं म्हणून मीच तिला उजळ केलं होतं. मी तिचा रंग होता तसा करून दिला.

पावसाळ्यात लाईट ये-जा करता करता जुन्या लग्नांची हार्ड डिस्क गेली. जालन्याला दाखवून आणली, त्यातलं काही निघालं नाही.

दिवाळीनंतर आई एकटीच आली. धाकटीच्या सासरची माणसं घरी फराळाला आली होती, असं तिनं सांगितलं. भिंतीवरचा फोटो बघून विहीणबाई म्हणाल्या, आमच्या सुनेमागं गेलेलं माणूस कशाला उभं केलं? त्याच दिवशी मुलींच्या वडिलांनी फोटो उतरवला. थोरलीचा अल्बम तिच्या सासरी होता. जावयानं दुसरं लग्न केलं, आणि अल्बम मागायला गेल्यावर सापडत नाही म्हणून सांगितलं.

"तिला एकटीला काढून द्या," ती म्हणाली. "कपाटात ठेवीन."

माझ्याकडे आता दोघींच्या फोटोची तेवढी एकच फाईल उरली होती. उघडली, तर पाथ जागेवर होता. मी थोरलीला त्या रेघेवरून वेगळं केलं. पांढऱ्या पडद्यावर ती आली, पण डावा खांदा आणि हात तिचा नव्हता. तिथं धाकटी पुढं उभी होती. रेघ थोरलीच्या बांगड्यांवरून, बोटांवरून नीट वळली होती, आत मात्र धाकटीच्या पिवळ्या शालूचा तुकडा भरलेला होता. थर एक केल्यावर मागचं चित्र राहत नाही.

हे पिवळं काय, असं तिनं विचारलं. मी समजावून सांगितलं. दुसऱ्या एखाद्या नवरीचा हात जोडता येतो, बरेच जण तसं करतात, तेही सांगितलं. शेठ माझ्या मागं येऊन उभे होते.

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "दुसरीचा नको. बहिणीचंच हाय ते, ऱ्हाऊ द्या. कोन बघून राह्यलंय कपाटात?"

मी तसाच छापून दिला. निघताना तिनं एवढंच सांगितलं, की आमचे मालक, म्हणजे तिचा नवरा, आले तर त्यांना बोलू नका. फोटो पिशवीत घालून ती जीपच्या थांब्याकडे गेली.

तिचे मालक महिन्याभरानं आले, स्वतःचा पासपोर्ट फोटो काढायला. फोटो होईपर्यंत बाकावर बसून राहिले. थोरलीच्या लग्नाचं तुमच्याकडं काही शिल्लक आहे का, असं त्यांनी विचारलं. मी डिस्क गेल्याचं सांगितलं. ते खरंच होतं.

"बराबर," ते म्हणाले, आणि फोटोंचं पाकीट खिशात घालून उठले.