गोठायला तयार नसलेलं पाणी

आमच्या धाकटीला हट्टी म्हणणं म्हणजे हट्टाचा अपमान. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता केस पिकले, मुलगी लग्न होऊन गेली, आणि मग बाईसाहेबांनी संशोधनाला नाव नोंदवलं. विषय काय, तर पाणी कधी गोठतं! मी म्हटलं, "अगं, हे तर फ्रीजलाही माहीत आहे." ती म्हणाली, "नाही ताई, फ्रीजलाही नाही आणि मलाही नाही. म्हणून तर."

तिचं म्हणणं असं, की पाणी अगदी स्वच्छ असेल तर शून्याच्या चांगलं खाली नेलं तरी पाणीच राहतं. खरं म्हणजे त्याचा बर्फ व्हायला हवा, पण सुरुवात कुणी करायची इथं घोडं अडतं. या तग धरून बसलेल्या अवस्थेला मितस्थायी म्हणतात. मग कधीतरी, कुणी हातही लावलेला नसताना, सगळं पाणी एका झटक्यात पांढरं होतं. ते किती वेळाने होतं, हे तिला मोजायचं होतं.

नेमकं तेच जमत नव्हतं. प्रयोगशाळेत पाणी भरून बंद केलेल्या नळ्या थंडगार द्रावाच्या काचेच्या टाकीत सोडायच्या आणि बघत बसायचं. एक नळी लगेच गोठायची, दुसरी चहा होईपर्यंत, तिसरी आमचं जेवण उरकलं तरी ढिम्म. धाकटी म्हणायची, कचरा गेला असेल, काचेला ओरखडा असेल. लवकर गोठलेली नळी बाद, फार रेंगाळलेलीही बाद, आणि नव्या नळ्या घासूनपुसून द्यायला मी! नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी तिची बिनपगारी मोलकरीण झाले होते. नाकीनऊ आले होते माझ्या. त्यात विद्यापीठाच्या संशोधन समितीने कळवलं, आकडे जुळत नसतील तर नोंदणी रद्द. धाकटी वरवर हसायची, पण ताट अर्धवट टाकून उठायची. मला तिची भयंकर काळजी वाटत होती.

एका दुपारी तिने लगेच गोठलेली आणखी एक "खराब" नळी माझ्या हातात ठेवली आणि माझं डोकंच फिरलं.

"मी आता एकही नळी धुणार नाही. हीच वितळव आणि हीच परत लाव."

"ताई, खराब आहे ती."

"खराब असेल तर पुन्हा लवकर गोठेल. तेवढं दाखव मला, मग धुते."

वैतागून तिने नळी वितळवली आणि टाकीत सोडली. आम्ही बघतोय, बघतोय, नळी गोठेचना! त्या दिवशी सगळ्यांत जास्त टिकली ती. पुन्हा वितळवली, तर या खेपेला मधलीच काहीतरी वेळ. आणखी एकदा, तर निराळीच. धाकटी ताडकन उठली, स्टूल मागे कलंडलं.

"ताई! नळी तीच, पाणी तेच, थंडी तीच. मग दोष कुठला? दोष नाहीच गं! ही वेळ असतेच अशी!"

"अशी म्हणजे कशी?"

"सभेत एखादा मधेच टाळी वाजवतो आणि ओशाळून थांबतो ना, तसं आत चाललेलं असतं. बर्फाचा बारीक कण जुळतो, विरघळतो. पुन्हा जुळतो, पुन्हा विरघळतो. योगायोगाने एखादा पुरेसा मोठा झाला, की मग थांबत नाही. आणि मी येडी, योगायोगालाच कचरा समजून फेकत होते!"

बाद केलेल्या सगळ्या वेळा तिने पुन्हा मांडल्या आणि त्या शहाण्यासारख्या ओळीत बसल्या. ठरावीक वेळात उरलेल्यांपैकी साधारण निम्म्या नळ्या गोठतात. कोणत्या, ते सांगता येत नाही. निम्म्या, हे मात्र छातीठोकपणे सांगता येतं. आम्ही दोघी म्हाताऱ्या प्रयोगशाळेत अक्षरशः नाचलो.

समितीची बैठक प्रयोगशाळेतच भरली. अध्यक्ष म्हणजे कपाळावर कायमची आठी. "एखादी नळी कधी गोठेल हे सांगता येत नाही? मग तुम्हाला कळलं काय?" माझं धाबं दणाणलं.

"तुमची बैठक संपेपर्यंत निम्म्या गोठतील," टाकीत नळ्या सोडत धाकटी म्हणाली. "बघा तुम्हीच."

अध्यक्षांनी तोऱ्यात एका नळीवर बोट ठेवलं. मग बाकीच्यांनीही आपापली निवडली. पहिली नळी फटकन पांढरी झाली आणि एक बाई चक्क ओरडल्या, "माझी! माझी!" मग दुसरी, मग लागोपाठ दोन. चर्चा राहिली बाजूला, सगळे टाकीवर वाकले. बैठक संपता संपता निम्म्या गोठल्या होत्या. अध्यक्षांची तशीच होती.

"एवढी थांबलीय, म्हणजे आता होणारच," ते म्हणाले.

"नाही सर. थांबली म्हणून ती जवळ येत नाही. तिच्यासाठी प्रत्येक क्षण पहिल्यासारखाच."

कागद उरकून बाकीचे निघून गेले, पण अध्यक्ष मांडीवर बॅग घेऊन तिथंच बसलेले. मला राहवेना. मी पुढे झाले आणि विचारलं, "सर, धाकटीची नोंदणी कायम ठेवायच्या कागदावर सही केलीत का?"

"सही ना? मघाशीच केली," नळीवरची नजर न हलवता ते म्हणाले. "तुम्ही जरा बाजूला सरका. दिसत नाहीये."